साखरेची अडवणूक

मोसंबी सोलताना सालीच्या आतला जो पांढरा मऊ थर आपण नखाने खरवडून टाकतो, त्यातून लेब्रेतों नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८२८ साली एक पदार्थ वेगळा काढला. त्याला वास नाही, चव नाही, आणि पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. त्याचं नाव पडलं हेस्पेरिडिन. त्या काळचे रसायनतज्ज्ञ दिसेल त्या झाडाची साल उकळून पाहत होते. कुणाला हिवतापावरचं औषध हवं होतं, कुणाला रंग. हेस्पेरिडिनचा कशालाच उपयोग दिसेना, म्हणून ते बराच काळ बाटलीत पडून राहिलं.

जालना जिल्ह्यात हे नाव फारसं कुणाला माहीत नसेल, पण माल इथे मुबलक आहे. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी हा सगळा मोसंबीचा पट्टा. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्या तीन-चार वर्षं आधी, २०१२-१३च्या दुष्काळात, टँकरचं पाणी घालूनही न वाचलेल्या बागांवर शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवावी लागली होती. इथल्या बागायतदाराच्या बोलण्यात दोन शब्द हटकून येतात: बहार आणि फळगळ. आंबे बहार असो की मृग, पाण्याचा ताण, बुरशी, रस शोषणारा पतंग यांपैकी काहीतरी निमित्त होतं आणि लिंबाएवढी हिरवी फळं झाडाखाली पडतात. ती गोळा करून खड्ड्यात पुरायची, म्हणजे रोग पसरत नाही, असा सल्ला असतो. गंमत अशी की हेस्पेरिडिन सगळ्यात दाट असतं ते याच कच्च्या फळात. फळ भरत जातं तसं त्याचं प्रमाण उतरतं. जगात हेस्पेरिडिन काढणारे कारखाने संत्र्या-मोसंब्यांची साल आणि वाळवलेली कच्ची फळंच विकत घेतात. कृतीही अवघड नाही: भुकटी चुन्यासारख्या अल्कलीच्या पाण्यात भिजवायची, पदार्थ पाण्यात उतरला की गाळून घ्यायचं आणि आम्ल घालायचं. पिवळसर पांढरा साका तळाशी बसतो.

हे हेस्पेरिडिन शेवटी जातं कुठे? मूळव्याधीवर मिळणाऱ्या एका जुन्या गोळीचं पाकीट उलटं करून पाहा. डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम, हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम. यातलं डायोस्मिनही बहुतेक वेळा हेस्पेरिडिनपासूनच बनवलेलं असतं; रेणूतले दोन हायड्रोजन अणू काढले की एकाचं दुसरं होतं. या गोळीचं खरं दुखणं औषधात नाही, औषधाला चिकटलेल्या साखरेत आहे. हेस्पेरिडिन म्हणजे हेस्पेरेटिन हा मूळ रेणू आणि त्याला लागलेल्या दोन साखरा, एक ग्लुकोज आणि एक ऱ्हॅम्नोज. या जोडीला रुटिनोज म्हणतात. झाडाने ती जोडी का लावली याचं एक उत्तर साठवणुकीत आहे. साखर लावलेला रेणू पेशीच्या आतल्या पिशवीत कोंडून ठेवता येतो, तो पटल ओलांडून भलतीकडे झिरपत नाही. म्हणजे साखर लावायची ती मुळात अडवण्यासाठी. पुढच्या दोनशे वर्षांत माणसाने या साखरेशी जी झटापट केली, ती झाडाचा हा हेतू उलटवण्याची होती. काही वेळा मात्र त्याच हेतूचा फायदा उठवण्याचीही.

मोसंबी हे तंत्र आणखी एका ठिकाणी वापरते. रस काढून तासभर ठेवला की कडवट होतो, हे प्रत्येक रसवंतीवाल्याला माहीत आहे. तो कडवटपणा लिमोनिन नावाच्या पदार्थाचा. फळ पिकताना झाड लिमोनिनच्या पूर्वजाला एक ग्लुकोज जोडतं आणि मग तो कडू लागत नाही. शिन हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत हे साखरजोड लिमोनॉइड शोधले. कच्च्या फळाच्या रसाला कडवटपणा जास्त का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

हेस्पेरिडिन बाटलीतून बाहेर आलं ते १९३६ मध्ये. क जीवनसत्त्व वेगळं काढणारे हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे सहकारी रुस्न्याक यांना असं दिसलं की काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून होणारी गळती शुद्ध क जीवनसत्त्वाने थांबत नाही, पण लिंबाच्या अर्काने थांबते. त्या अर्कात हेस्पेरिडिन होतं. त्यांनी या पदार्थांना पी जीवनसत्त्व म्हटलं. पी म्हणजे वाहिनीच्या भिंतीची पारगम्यता. पुढे तो दावा टिकला नाही आणि १९५०च्या सुमारास हे नाव मागे घेण्यात आलं. पण पटलातून काय जातं आणि काय जात नाही या प्रश्नाशी मोसंबीच्या सालीची गाठ पडली ती तेव्हापासून. डायोस्मिन औषध म्हणून १९६९ पासून बाजारात आहे, आणि ते रक्तात पुरेसं जात नाही हीच त्याची कायमची तक्रार होती. त्यावर मूळव्याधीची ती गोळी बनवणाऱ्या कंपनीने काढलेला उपाय रसायनाचा नव्हता, जात्याचा होता. भुकटीचा कण सुमारे ३७ मायक्रॉनवरून दोन मायक्रॉनच्या खाली आणला. किरणोत्सारी खूण लावून मोजलं तेव्हा बारीक दळलेल्या औषधापैकी सुमारे ५८ टक्के लघवीवाटे बाहेर आलं, जाड्या भुकटीचं ३३ टक्के. लघवीत आलं म्हणजे आधी आतड्यातून आत गेलं, असा तो हिशेब.

पण साखर अडवते कशी? याचं पहिलं धड उत्तर अर्नेस्ट ओव्हरटन याने झुरिचमध्ये दिलं. १८९०च्या दशकात त्याने शेकडो पदार्थांच्या द्रावणांत वनस्पतींच्या पेशी आणि बेडकाची पिल्लं ठेवून पाहिली. जे पदार्थ ऑलिव्हच्या तेलात सहज विरघळतात ते पेशीत झटकन शिरतात. जे पाण्यालाच धरून राहतात ते बाहेर रखडतात. यावरून त्याने ताडलं की पेशीचं पटल तेलकट असलं पाहिजे, आणि ते खरं निघालं. साखरेच्या रेणूला चहूबाजूंनी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी पाण्याचे रेणू धरून ठेवते. पटलात शिरायचं तर ते पाणी सोडावं लागतं, आणि ते सोडायला ऊर्जा लागते. १९९७ मध्ये क्रिस्टोफर लिपिन्स्की या औषधरसायनतज्ज्ञाने गोळी म्हणून घेता येणाऱ्या औषधांचे ठोकताळे मांडले: रेणुभार पाचशेच्या आत, हायड्रोजन देणाऱ्या जागा पाचपेक्षा जास्त नकोत, घेणाऱ्या दहापेक्षा जास्त नकोत. हेस्पेरिडिनचा रेणुभार ६१०, देणाऱ्या जागा ८, घेणाऱ्या १५. तिन्हीत नापास. दोन साखरा काढल्या की उरलेलं हेस्पेरेटिन ३०२वर येतं आणि तिन्हीत पास होतं.

मग आपण खाल्लेली साखर तरी आत कशी जाते? रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका बैठकीत सांगितलं की आतड्याच्या पटलात ग्लुकोजसाठी खास वाहक असतो आणि तो सोडियमला सोबत घेऊनच ग्लुकोज आत ओढतो. जुलाबावरची जलसंजीवनी याच जोडीवर चालते, म्हणून तिच्यात मीठही लागतं आणि साखरही. त्या वाहकाचं जनुक अर्नेस्ट राइट यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये शोधून काढलं. इतकं कळल्यावर एक मोह अटळ होता. औषधाला ग्लुकोज जोडा, वाहक त्याला साखर समजून आत नेईल.

कांद्याने हा मोह आणखी बळावला. नेदरलँड्समधले होलमन आणि त्यांचे सहकारी १९९५ मध्ये क्वेर्सेटिन या हेस्पेरेटिनच्या नात्यातल्या पदार्थाचं शोषण मोजत होते. मोठं आतडं काढलेल्या स्वयंसेवकांवर त्यांनी प्रयोग केला, म्हणजे तिथल्या जिवाणूंचा गोंधळ मध्ये येत नाही. ग्लुकोज लागलेलं कांद्यातलं क्वेर्सेटिन ५२ टक्के शोषलं गेलं. साखर नसलेलं शुद्ध क्वेर्सेटिन फक्त २४ टक्के. आणि हेस्पेरिडिनसारखीच रुटिनोजची जोडी लागलेलं रुटिन १७ टक्के. ओव्हरटनच्या नियमाने साखर काढलेला रेणू पुढे हवा होता. इथे साखरवाला कांदा पहिला आला. ग्लुकोजचा वाहकच त्याला आत नेत असावा, अशी अटकळ त्यांनी बांधली. काही वर्षं या अटकळीवर बरंच काम झालं.

खरं कारण २०००च्या सुमारास पुढे आलं आणि ते जरा अनपेक्षित होतं. लहान आतड्याच्या आतल्या पटलावर, पोकळीकडे तोंड करून, दुधातली साखर तोडणारं एन्झाइम बसलेलं असतं. हे तेच एन्झाइम, जे मोठेपणी कमी झालं की दूध पचत नाही. ते ग्लुकोज लागलेल्या अनेक रेणूंचीही साखर तिथल्या तिथे तोडतं. साखर गळून पडते आणि उघडा रेणू पटलाला अगदी लागूनच मोकळा होतो, म्हणून पटकन आत जातो. म्हणजे कांद्याच्या साखरेने औषधाला आत नेलं नव्हतं. पटलाच्या तोंडाशी आणून सोडलं होतं, एवढंच. शास्त्रात अशी चुकीची अटकळ खऱ्याइतकीच कामाची ठरते, कारण ती खोडायला कुणीतरी नेमकी जागा तपासतं.

मोसंबीचं घोडं इथेच पेंड खातं. हे एन्झाइम एकटं ग्लुकोज तोडतं. ग्लुकोजच्या पुढे ऱ्हॅम्नोज लागलेली जोडी त्याला तोडता येत नाही. म्हणून हेस्पेरिडिन लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती लागतं. २००६ मध्ये एका चाचणीत संशोधकांनी संत्र्याच्या रसात एन्झाइम घालून फक्त ऱ्हॅम्नोज काढून टाकलं आणि ग्लुकोज तसंच ठेवलं. साध्या रसातलं हेस्पेरेटिन रक्तात शिखरावर पोचायला सुमारे सात तास लागले. ऱ्हॅम्नोज काढलेल्या रसात पाऊण तासाच्या आत. शिखर चौपट उंच, एकूण शोषण दुप्पट. रेणूतल्या एका साखरेचा हा फरक. मोसंबीच्या रसाचे गुण गाताना हे कुणी सांगत नाही, पण सकाळी घेतलेल्या ग्लासातलं हेस्पेरिडिन दुपारच्या जेवणानंतरही पोटातच असतं.

आता उलटी बाजू. उशीर हाच ज्याचा गुण, असं एक औषध आपल्या आज्यांच्या फडताळात कायम असायचं: सोनामुखी. वैद्यांच्या ग्रंथांत ती आहे, अरबी-युनानी वैद्यकात आहे, आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ ज्या घरात असेल तिथे काष्ठौषधींच्या डब्यातही बहुतेक सापडते. ती रात्री घ्यायची आणि सकाळी पोट साफ होतं, हे सगळ्यांना पाठ. हे रात्रीचं वेळापत्रक ठरवतं कोण? १९४१ मध्ये सँडोझ कंपनीतले आर्थर स्टोल आणि सहकारी यांनी सोनामुखीतून सेनोसाइड वेगळे केले. प्रत्येक सेनोसाइडला दोन ग्लुकोज. लहान आतड्यातल्या एन्झाइमला ते तुटत नाहीत आणि पटल त्यांना आत घेत नाही. तो रेणू रक्तात न जाता थेट मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे जिवाणू साखर तोडतात आणि खरा रेचक पदार्थ मोकळा होतो, नेमका जिथे हवा तिथे. साखर आधीच काढून दिली असती तर तो वाटेतच शोषला गेला असता आणि मोठ्या आतड्यात फारसं काही पोचलंच नसतं. ज्यांच्या पोटात एकही जिवाणू नाही अशा प्रयोगशाळेतल्या उंदरांना सेनोसाइड दिले तर त्यांना काही होत नाही. योग्य जिवाणू पोटात सोडले की जुलाब होतात. सोनामुखी ही रासायनिक दृष्टीने पुरी झालेली गोळीच नव्हे. तिचा शेवटचा टप्पा आपल्या पोटात पार पडतो. सहा ते बारा तासांचं जे अंतर आपण रात्रीच्या झोपेवर घालवतो, तो त्या साखरेच्या प्रवासाचा वेळ असतो. औषधशास्त्राने पुढे अमुक अवयवातच सुटणारं औषध म्हणून जे शब्द रूढ केले, ते काम या पाल्यात आयतंच होतं.

वनस्पती साखर लावतात तशी आपली शरीरंही लावतात, आणि इथे एक माणूस या हकिकतीत तीन वेळा डोकावतो. योझेफ फॉन मेरिंग. १८७५ मध्ये त्याने आणि मुस्कुलुसने झोपेचं औषध, क्लोरल हायड्रेट, घेतलेल्यांच्या लघवीत साखरेसारखा वागणारा एक पदार्थ पाहिला. चार वर्षांनी स्ट्रासबुर्गमध्ये श्मीडेबर्ग आणि मेयर यांनी कुत्र्यांना कापूर खाऊ घातला आणि त्यांच्या लघवीतून कापराला चिकटून आलेलं ग्लुकुरॉनिक आम्ल ओळखलं. हे ग्लुकोजचंच भावंड. यकृत नको असलेल्या पदार्थाला ते जोडतं. तो पदार्थ पाण्याला धरून राहू लागतो, पेशीत परत शिरू शकत नाही आणि लघवी किंवा पित्तावाटे निघून जातो. आपण तापात घेतलेल्या पॅरासिटामॉलचा निम्म्याच्या आसपास भाग असाच बाहेर पडतो. नवजात बाळाच्या यकृतात हे जोडण्याचं काम अजून सुरळीत झालेलं नसतं, म्हणून काविळीचा पिवळा रंग अंगात साठतो आणि बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. पण शरीराची ही खूण दर वेळी निरोपाचीच असते असं नाही. मॉर्फिनला एका विशिष्ट जागी ग्लुकुरॉनिक आम्ल लागलं तर तयार होणारा पदार्थ मॉर्फिनपेक्षाही कडक वेदनाशामक असतो. तो मेंदूत शिरायला मात्र वेळ लावतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात तो साठून राहतो, म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला मॉर्फिन जपून देतात.

मेरिंग दुसऱ्यांदा येतो १८८६ मध्ये. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून द कोनिंक आणि स्तास यांनी १८३५ मध्ये बेल्जियममध्ये फ्लोरिझिन काढलं होतं. कडू होतं, म्हणून सिंकोनासारखं तापावर चालेल अशी आशा होती. ती फोल ठरली. मेरिंगने ते प्राण्यांना दिलं तर लघवीतून साखर वाहू लागली, रक्तातली साखर न वाढताच. तीन वर्षांनी त्याने आणि मिंकोव्स्कीने कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि खरा मधुमेह तयार झाला. ते त्याचं तिसरं आणि सगळ्यात गाजलेलं दर्शन. फ्लोरिझिनची गोष्ट मात्र त्या प्रसिद्धीखाली दबली, आणि शतकभर ते मूत्रपिंड तपासण्याचं हत्यार म्हणूनच वापरात राहिलं.

फ्लोरिझिनच्या एका टोकाला ग्लुकोज असतं. मूत्रपिंडाच्या नळीत गाळून आलेली साखर परत रक्तात ओढणारा एक वाहक पटलात बसलेला असतो, आतड्यातल्या वाहकाचा सख्खा भाऊ. दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज असं गाळलं जातं आणि निरोगी माणसात जवळपास सगळं परत येतं. फ्लोरिझिनचं ग्लुकोजचं टोक त्या वाहकाच्या जागेवर जाऊन बसतं, पण मागचं धूड त्याला पलीकडे जाऊ देत नाही. वाहक तिथेच अडकून पडतो. औषधाला लावलेल्या साखरेचा इतका सरळ उपयोग दुसरा नसेल: आत जायचंच नाही, दारात बसून राहायचं. पण गोळी करावी तर दुधातली साखर तोडणारं तेच एन्झाइम आडवं येतं. त्याच्या शास्त्रीय नावातच लॅक्टेजच्या जोडीला फ्लोरिझिन आहे, कारण ते फ्लोरिझिनचीही साखर तोडतं. उरलेला फ्लोरेटिन नावाचा रेणू मग शरीरातले दुसरेच साखर-वाहक बंद करत सुटतो.

१९८७ मध्ये रोसेट्टी आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना फ्लोरिझिन टोचून त्यांची साखर आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद दोन्ही ताळ्यावर आणले, तेव्हा औषध कंपन्यांना जाग आली. जपानच्या तानाबे कंपनीने आधी साखरेवर झाकण लावून पाहिलं. शेवटी सुटका झाली ती सांधा बदलून. ग्लुकोज आणि उरलेला रेणू यांच्यामध्ये ऑक्सिजन असतो. एन्झाइम तिथेच तोडतं. तो ऑक्सिजन काढून कार्बनला थेट कार्बन जोडला की तोडायला जागाच उरत नाही. कोरफडीने हा सांधा फार आधी वापरलेला आहे. तिच्या वाळवलेल्या रसातल्या, म्हणजे काळ्या बोळातल्या अ‍ॅलोइनमध्ये साखर अशीच कार्बनला चिकटलेली असते. या सांध्याचं मधुमेहावरचं औषध, डापाग्लिफ्लोझिन, २००८ मध्ये शोधनिबंधात आलं, २०१२च्या अखेरीस युरोपात मंजूर झालं आणि जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत. साखर लागलेली असूनही तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे ७८ टक्के रक्तात पोचतं, कारण साखर एकच आहे, दुसरं टोक भरपूर तेलकट आहे आणि रेणुभार ४०९वर थांबतो. ओव्हरटन आणि लिपिन्स्की दोघांचंही समाधान होईल असा हा बेत होता.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचं एकस्व ऑक्टोबर २०२०मध्ये आणि त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये संपलं, आणि जी गोळी साठ रुपयांच्या घरात जायची तिच्या स्वस्त आवृत्त्या दहा रुपयांच्या आसपास आणि त्याखाली येऊ लागल्या. ज्यांना शुगर आहे अशा जालन्यातल्या कितीतरी जणांच्या चिठ्ठीवर आज ही नावं असतात, आणि २०१९च्या मोठ्या चाचणीनंतर शुगर नसलेल्या पण हृदय कमजोर झालेल्यांच्याही. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे जाते, म्हणून लघवीच्या जागेला बुरशीचा त्रास होऊ शकतो. तो संकोचाने डॉक्टरला न सांगणारे बरेच असतात. उपचार साधा आहे, सांगितलेलं बरं.

औषधाला साखर लावून त्याला पेशीच्या आत नेण्याचा मोह मात्र कधी सुटला नाही. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, म्हणून एका जुन्या केमोथेरपीच्या औषधाला ग्लुकोज जोडून ग्लुफोस्फामाइड बनवलं गेलं. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत त्याला ठोस यश मिळालं नाही. यशस्वी ठरली ती फक्त खूण. ग्लुकोजमधल्या एका जागेवर किरणोत्सारी फ्लोरिन बसवलं की त्याला वाहक ग्लुकोज समजून आत घेतो, पेशी त्यावर फॉस्फेट चढवते आणि मग ते पटल ओलांडून बाहेर येऊ शकत नाही. गाठ चमकू लागते. हा पेट स्कॅन. माणसावर तो पहिल्यांदा झाला १९७६ मध्ये, आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये. ११० मिनिटांत त्याची किरणं निम्मी होतात, त्यामुळे ज्या शहरात ते बनतं तिथून दूर असलेल्या गावाला हे तंत्र महागच पडतं. आणि तिथेही साखर औषध घेऊन गेलेली नसते. ती स्वतःच औषधाच्या जागी असते.

खरोखरच औषध घेऊन आत जाणारी साखर सापडली ती दुसऱ्याच कामात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅशवेल आणि मोरेल रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिन या तांबेवाल्या प्रथिनाचा अभ्यास करत होते. प्रथिनाच्या साखळ्यांच्या टोकाचं सियालिक आम्ल काढून आतलं गॅलॅक्टोज उघडं केलं की ते प्रथिन सशाच्या रक्तातून काही मिनिटांत नाहीसं व्हायचं. ते यकृतात जमा होत होतं. यकृताच्या पेशींवर अशी उघडी साखर पकडणारा ग्राही असतो आणि त्याला गॅलॅक्टोजपेक्षाही तिचं भावंड, एन-अ‍ॅसिटाइल गॅलॅक्टोसामाइन, जास्त आवडतं. एकटी साखर सैल धरली जाते. तीन साखरा योग्य अंतरावर लावल्या की पकड हजारो पटींनी घट्ट होते.

या तीन साखरा आज आरएनएच्या तुकड्यांना जोडतात. आरएनएला पटल ओलांडणं साखरेपेक्षाही अवघड, कारण त्याच्या अंगभर ऋण विद्युतभार. अशा औषधांपैकी गिवोसिरान २०१९ मध्ये अमेरिकेत आलं, तर कोलेस्टेरॉल उतरवणारं इन्क्लिसिरान डिसेंबर २०२० मध्ये युरोपात मंजूर झालं आणि २०२४ पासून भारतातही मिळतं. पहिल्या दोन मात्रा तीन महिन्यांच्या अंतराने, मग वर्षाला दोनच टोचण्या.

सहा महिने एक टोचणी कशी पुरते? ग्राही साखर पकडतो तेव्हा पटलाचा तेवढा भाग आत वळून त्याची एक बारीक पिशवी होते. औषध पेशीत आलं, पण पेशीच्या कामाच्या जागेत नाही. पिशवीचं पटल मध्ये आहेच, आणि तेही तेलकटच. शंभरातला एखादा रेणूही सुटून बाहेर येत नाही, असा संशोधकांचा अंदाज आहे. बाकीचे आतल्या आम्लात महिनोन्महिने पडून राहतात आणि थेंबाथेंबाने निसटतात. त्या आम्लातही न तुटता टिकतील अशा रासायनिक बदलांनी हे तुकडे मजबूत केलेले असतात, म्हणून औषधाचा साठा पेशीतच होतो. यकृताखेरीज इतर अवयवांच्या पेशींवर इतका सढळ हाताने साखर पकडणारा ग्राही अजून हाती लागलेला नाही. स्नायूंसाठी प्रतिपिंडांचे तुकडे आणि मेंदूसाठी चरबीची शेपटी जोडून पाहण्याचं काम सध्या चाललं आहे.